दुसरं टोक

बारकीने चादरीची दोन टोकं हातात घेतली आणि सवयीने समोर बघितलं. उरलेली दोन टोकं धरायला कुणी आलं नाही.

रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, ताणायचं, झटकायचं, मग एकीने चालत येऊन टोकाला टोक लावायचं. जोड्या ठरलेल्या असतात. बारकीची जोडी शिडीशी. एक बुटकी, एक ताडमाड. मधली चादर घसरगुंडीसारखी तिरकी व्हायची आणि अख्खं धुलाईघर हसायचं. शिडी आता घरी होती, डाव्या हाताला पट्ट्या बांधून.

इस्त्रीच्या तापलेल्या रुळात बोटं जाऊ नयेत म्हणून पुढे एक लोखंडी दांडा असतो. काम झपाट्याने उरकावं म्हणून मुकादमाने तो काढून ठेवला होता, आणि शिडीचा हात रुळात सापडला. चौकशीला साहेब आले तेव्हा सगळ्या म्हणाल्या, शिडीचं लक्ष नव्हतं. बारकी म्हणाली, दांडा नव्हता.

दांडा परत बसला. काम मंदावलं, सगळ्यांना घरी जायला उशीर होऊ लागला. तेव्हापासून बारकीशी कुणी बोलत नव्हतं.

"मोठ्या ताई, जरा टोक धरता?"

मोठ्या ताई तिथल्या सगळ्यांत जुन्या. त्यांनी शेजारणीला विचारलं, "काही आवाज आला का गं?"

"छे! पंखा कुरकुरतोय."

बायका खुसखुसल्या. बारकीने टेबलावर चादर पसरून घडी घालायला घेतली. चादर मोठी, टेबल लहान. एक कड जमिनीला लागली. मुकादमाने ती उचलून परत धुवायला फेकली.

"असंच चाललं तर काम सोडावं लागेल तुला," तो म्हणाला. मग आवाज मऊ करून, "साहेब पुन्हा येणारेत. एवढंच म्हण, नीट आठवत नाही. या बायका काय, लगेच गळ्यात पडतील तुझ्या."

"आणि शिडी?"

"तिची चूक ठरली तर मी काय करणार?"

चूक ठरली की शिडीला कामावर परत घेणार नव्हते. हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

बारकी घरी आली तेव्हा लेक फाटकापाशी एकटीच खेळत होती. दोघींनी फिरवायची आणि तिसरीने उड्या मारायची ती लांब दोरी. तिचं एक टोक तिने फाटकाच्या कडीला बांधलं होतं. दुसरं टोक हातात. फिरवतही तीच होती, उड्याही तीच मारत होती.

"मैत्रिणी कुठे गेल्या गं?"

"मला घेत नाहीत. मोठ्या ताईंची नात म्हणते, तुझ्या आईवर बहिष्कार आहे." लेक थांबली. "आई, तो बरा होतो ना?"

बारकीला हसू आलं. तिने लेकीच्या कपाळावरचे घामेजलेले केस मागे सारले. "चल, आजोबांना विचारू. त्यांना शब्द माहीत असतात."

सासरे छापखान्यात जुळारी होते. शिशाची अक्षरं जुळवता जुळवता डोळे अधू झालेले, पण शब्द पुढे आला की बोटं अजून वळवळायची.

"बहिः म्हणजे बाहेर. कार म्हणजे करणं. बहिष्कार म्हणजे बाहेर करणं. संपला शब्द."

"कशाच्या बाहेर?" लेकीने विचारलं.

"ते त्यात नाही, बाळा. खेळाच्या, घराच्या, कामाच्या. ज्याचं त्याने भरायचं."

"आणि करतं कोण?"

"तेही त्यात नाही."

ताट पुसता पुसता बारकी थांबली. "पण करायला कुणीतरी लागतंच ना, बाबा? ताप येतो, दात पडतो, तसं हे आपोआप होत नाही. रोज सकाळी उठून तोंड फिरवावं लागतं."

"लागतं तर! मेहनतीचं काम आहे ते, सूनबाई."

"मग करू देत मेहनत." तिने ताट फळीवर ठेवलं. खिडकीतून फाटकाच्या कडीला लोंबणारी दोरी दिसत होती. "बाबा, घरात दोन मोठे खिळे आहेत?"

सासरे हसले. "शब्दाचा अर्थ ऐकून खिळे मागणारी पहिलीच तू!"

दुसऱ्या दिवशी धुलाईघरात हातोडीचा आवाज घुमला. भिंतीत दोन खिळे, प्रत्येकाला एक चिमटा लटकवलेला. बारकीने चादरीची दोन टोकं चिमट्यांत अडकवली, दोन हातात घेऊन मागे सरकली, ताणली, झटकली.

"भिंतीला खिळे कुणी मारले?" मुकादम धावत आला.

"मी."

"काढ आधी."

"समोर माणूस द्या, काढते."

मोठ्या ताई शेजारणीकडे वळून म्हणाल्या, "जोडीदारीण झकास मिळाली गं एकीला!"

"हो ना," बारकी चादर झटकत म्हणाली. "टोमणे मारत नाही."

कोपऱ्यातल्या एकीला हसू फुटलं. मोठ्या ताईंनी बघताच तिने ते खोकल्यात ढकललं.

साहेब पुन्हा आले. मुकादम बारकीच्या मागे येऊन उभा राहिला.

"दांडा नव्हता," ती म्हणाली. "कुणी काढला, ते तुम्ही मागच्या वेळी विचारलंच नाही. आता सांगते." आणि मागे वळून तिने सरळ बोट दाखवलं.

मुकादमाचं काय करायचं याचा निर्णय वरच्यांकडे अडकला. पण शिडीची चूक नव्हती हे ठरलं, आणि पट्ट्या सुटल्यावर ती कामावर आली. डाव्या हाताची तीन बोटं ताठ, गुळगुळीत, गुलाबी. कुणीही मान वर करून तिच्याकडे बघितलं नाही.

"बोलतं का गं इथे कुणी?" तिने बारकीला विचारलं.

"खिळे बोलतात."

शिडी भिंतीशी उभी राहिली. उजव्या हाताने तिने चादरीचं एक टोक पकडलं. दुसरं डाव्यातून निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं.

"अर्धीच आले गं मी," ती हळूच म्हणाली.

हातोडीच्या मागच्या बाजूने बारकीने एक खिळा उपटला आणि मुकादमाच्या टेबलावर ठेवला.

"एक काढला."

मग परत येऊन तिने शिडीच्या डाव्या बाजूचं टोक उरलेल्या खिळ्याच्या चिमट्यात अडकवलं. उजवं शिडीच्या हातात दिलं. आपली दोन टोकं घेऊन मागे मागे जात राहिली, चादर ताणली जाईपर्यंत. पूर्वीसारखीच तिरकी झाली ती.

या वेळी कुणी हसलं नाही. दोघींनी चादर झटकली.