सात बाप पाठ असलेला डॉक्टर

कानिशाईचा उजवा डोळा मोतीबिंदूनं झाकला होता. डावा मात्र शाबूत होता, आणि त्याच्या जोरावर ती रोज दुपारपर्यंत पोतंभर राजमा निवडायची. किरगिझस्तानातल्या तलास खोऱ्यातल्या त्या गावात राजमा निवडता न येणाऱ्या बाईला लोक चहा देतात, काम देत नाहीत.

तालुक्याच्या दवाखान्यात पाक नावाच्या कोरियन डॉक्टरीणबाई होत्या. त्यांचा परवाना चौकटीत घालून, शिक्क्यासकट भिंतीवर टांगलेला होता. कानिशाईचा नवरा मामबेताली याचं तिकडे लक्ष गेलं नाही, कारण तो चौकशी करण्यात गुंतला होता. किरगिझ माणसाला आपले सात बाप, म्हणजे बापापासून मागच्या सात पिढ्यांची नावं, ओळीनं म्हणता यावे लागतात. मामबेताली घोडा घेतानासुद्धा विकणाऱ्याचे सात बाप विचारून घ्यायचा. डॉक्टरीणबाईंनी आजोबांचं नाव सांगितलं, त्यापलीकडचं आपल्याला ठाऊक नाही म्हणाल्या, आणि रक्तातली साखर तपासून आणायला सांगितली. उजव्या डोळ्यासाठी दोन महिन्यांनंतरची तारीख दिली.

"जिला तिसरा बाप ठाऊक नाही, ती तुझ्या डोळ्यात हात घालणार," परतताना मामबेताली म्हणाला. कानिशाईनं मान डोलावली. चाळीस वर्षांत या बाबतीत तिचा हात कुणी धरू शकलं नव्हतं.

मग तुरातबेक उगवला. शेजारच्या मयताच्या वर्षाच्या जेवणात तो मामबेतालीच्या मांडीला मांडी लावून बसला, आणि विचारताक्षणी त्यानं सात बाप एका दमात म्हणून दाखवले. कुणी थांबवलं नाही म्हणून अकराव्यापर्यंत गेला. त्यातला तिसरा मामबेतालीचाही तिसराच निघाला. दोघांनी मिठी मारली, डोळे पुसले. आपण डोळ्यांचे डॉक्टर आहोत हे तुरातबेकनं त्यानंतर सांगितलं, आणि तोवर तपासण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

सून बेगायिम औषधांच्या दुकानात कामाला होती. तिनं फोनवर परवानाधारक डॉक्टरांची सरकारी यादी काढली. तुरातबेक चार होते. एक मूत्ररोगांचा, एक वारलेला, दोन बायकांचे डॉक्टर. हा त्यात नव्हता. तिनं चुलीपाशी सासूला सांगितलं, सासूनं दारापाशी नवऱ्याला.

"घरच्या माणसाकडे कागद मागू?" मामबेताली म्हणाला. "मग उद्या तू मला लग्नाचा दाखला मागशील."

तरीही रात्री पाहुणा जेवायला आला तेव्हा त्यानं विषय काढलाच. आमच्या सूनबाई शिकलेल्या आहेत, त्यांना शंका येतात, असं त्यानं हसत सांगितलं. तुरातबेकही हसला. कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं लाल पुस्तिका काढली. वर सोनेरी अक्षरं होती. बेगायिमनं हात पुढे केला.

"सूनबाई, चहा निवतोय," मामबेताली म्हणाला, आणि पुस्तिका त्यानंच घेतली. उघडली असती तर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं. म्हणून कपाळाला लावून, मिटलेलीच परत केली.

मग पाहुण्यापुढे मानाचं म्हणून मेंढ्याचं शिजवलेलं डोकं आलं. तुरातबेकनं सुरीच्या टोकानं डोळा सोडवला, अख्खा, कुठं ओरखडासुद्धा नाही, आणि यजमानाच्या ताटात ठेवला.

"हात बघ त्याचा," मामबेताली बायकोच्या कानात म्हणाला.

तिनं बघितलं. हात खरोखरच चांगला होता.

दोन दिवसांनी राजमा निवडायच्या टेबलावर चादर अंथरली. तुरातबेक म्हणाला, सुरुवात डाव्यापासून करू.

"अहो, डाव्यानं मला दिसतंय," कानिशाई म्हणाली.

"चांगल्या डोळ्याला गुण लवकर येतो, काकू. मग उजव्याला हुरूप येतो."

"डॉक्टर कोण, तू का तो?" मामबेतालीनं विचारलं. या प्रश्नाचं उत्तर घरात एकट्या बेगायिमला ठाऊक होतं, आणि तिला गरम पाणी आणायला पाठवलं होतं.

आठव्या दिवशी उशी पुवानं भिजली. बेगायिमनं कुणाला न विचारता सासूला तालुक्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी डावा डोळा काढून टाकला. उजव्याची आशा आहे, ठरल्या तारखेला नक्की या, म्हणाल्या. दवाखान्यातून पोलिसांना कळवलं गेलं. इन्स्पेक्टरनं लाल पुस्तिका उघडली. उघडणारा तो पहिलाच. मेंढ्यांना कृत्रिम रेतन करण्याच्या वीस दिवसांच्या वर्गाचं ते प्रमाणपत्र होतं. तक्रार घरच्यांनीच द्यायला हवी, असं त्यानं मामबेतालीला सांगितलं. मामबेताली म्हणाला, माझ्याच तिसऱ्या बापाविरुद्ध तक्रार देऊ? इन्स्पेक्टरनं तिसऱ्याचं नाव विचारलं, ते त्याच्याही सात बापांत निघालं. फाइल मिटली.

वाद घरातच मिटवायला गावच्या म्हाताऱ्यांची बैठक बसली. तुरातबेकनं टोपी काढली, मेंढा आणला, रडला. म्हाताऱ्यांनी दाढ्यांवरून हात फिरवून निवाडा दिला: यानं एक डोळा घालवलाय, तर एक डोळा करून द्यावा. उजवा. फुकट. शुक्रवारी. मामबेतालीला निवाडा पटला. तालुक्याची तारीख रद्द करायला त्यानं बेगायिमला फोन करायला लावला, आणि फोन संपेपर्यंत तिच्याशेजारी उभा राहिला.

मग रिवाजाप्रमाणे कानिशाईला विचारलं गेलं, मान्य आहे ना?

"मान्य आहे," ती म्हणाली. "पण आधी ह्यांचा करा."

"माझ्या डोळ्यांना काय झालंय?" मामबेताली म्हणाला.

"काही नाही. माझ्या डाव्यालाही काही झालेलं नव्हतं."

मामबेतालीला एकाएकी मेंढ्याला पाणी पाजायची आठवण झाली आणि तो बाहेर गेला. सगळ्यांत म्हाताऱ्यानं घसा खाकरून खुलासा केला की भरपाई ज्याची त्यालाच मिळते, ती दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही.

शुक्रवारी ऊन लख्ख होतं. टेबलापर्यंत कानिशाईला धरून न्यावं लागलं नाही, ती अंदाजानं गेली. तुरातबेक हात धूत होता.

"बेगायिम," ती म्हणाली, "खिडकी कुठं आहे ते मला कळतंय गं. त्याला म्हणावं, तेवढं राहू दे."

बेगायिमनं सांगितलं. तुरातबेक म्हणाला, बघतो. अंगणात मामबेताली शेजाऱ्याला सांगत होता की बायको आपल्या पायानं चालत गेली, कुणी जबरदस्ती केलेली नाही.