पुसलेल्या फुल्या

कालचा अख्खा दिवस मी पुढच्या खोलीची जुनी भिंत बोटांनी ठोकत बसले होते. पोकळ वाजेल तिथे खडूने फुली मारायची, म्हणजे गवंडी तेवढाच गिलावा फोडून नवा भरणार. बोटांची सालं निघाली.

सकाळी गवंडी आला. "ताई, फुल्या कुठायत?"

भिंत लख्ख होती. सासूबाई ओला फडका पिळत होत्या. "परका माणूस घरात येणार, म्हणून पुसून घेतली."

डोकं फिरलं, पण भांडायला त्राण नव्हतं. पुन्हा ठोकायला लागले, तर दुखऱ्या बोटांना आता सगळंच पोकळ वाटायला लागलं.

"सगळीच फोडा," मी गवंड्याला म्हटलं.

सासूबाईंनी फडका वाळत टाकला. "आधी सांगायचंस ना. उगाच पुसली मी."