मौनातली शिकवणी

कारखान्याची गाडी बंद झाली आणि आमच्या सूनबाईच्या नोकरीवर गदा आली. शर्टांना काजं करण्यात तिचा हात धरणारं तिथे कुणी नाही. पण मुकादमबाईंनी बजावलं, "सोमवारपासून भोंग्याच्या आधी हजर हो, नाहीतर तुझ्या मशिनवर दुसरी बसेल." पायी जायचं तर भोंगा वाटेतच ऐकू येणार. उरली घरातली सायकल.

आधी आमच्या चिरंजीवांनी शिकवायला घेतलं. "समोर बघ. खाली बघू नको. पाय मार. अगं, मान ताठ. घाबरतेस कशाला?" एका दमात इतकं ऐकून पायी चालणारं माणूसही कोलमडेल. ढोपर फुटलं आणि नवराबायकोत अबोला सुरू झाला.

शनिवारी सकाळी ती हळूच माझ्याकडे आली. "आई, तुम्ही मागून धराल? पूजा होईपर्यंत तुमचं मौन असतं. निदान सूचना तरी नाहीत."

मी मान डोलावली. नेम सांभाळून कुणाच्या कामी येता आलं, तर देवालाही बरंच वाटत असेल.

घरामागच्या रस्त्यावर मी सीट घट्ट धरली. "सोडायच्या आधी सांगा हं," म्हणत ती निघाली. मौनातल्या बाईला ही अट घालताना तिच्या लक्षात आलं नाही, आणि मान डोलावताना माझ्याही.

वळणापर्यंत मी धावले. मग पदर चाकात जाऊ लागला, दम संपला आणि हात सुटला. सांगणार कसं? ती आपली माझ्याशी गप्पा मारत पुढे. "बघा आई, तुम्ही धरलंय म्हणून कशी सरळ चाललीय."

पुढे उतार, आणि उताराच्या तळाशी एक रंगारी शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता. ब्रेकचा धडा अजून व्हायचा होता. मी जोरात टाळ्या वाजवल्या.

"कौतुक नंतर करा, आई," ती म्हणाली.

मी मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली आणि जन्मात काढला नव्हता असा आवाज काढला. "अगं बये, ब्रेक दाब!"

सायकल शिडीला टेकून थांबली. वर रंगारी डोळे मिटून उभा. सूनबाईने मागे वळून पाहिलं. "तुम्ही तिथे काय करताय?"

"धापा टाकतेय."

"मग मला कुणी धरलं होतं?"

"कुणीच नाही."

तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग खुलला. मी हळूहळू तिथवर पोचले. "आई, सोमवारी भोंग्याआधी पोचेन ना मी?"

"या वेगानं गेलीस तर रविवारीच पोचशील."

ती हसली आणि एकदम ओशाळली. "माझ्यापायी तुमचा नेम मोडला."

"मोडला खरा. प्रायश्चित्त घ्यावं लागेल."

"उपास?"

"उपास मी एरवीही करते, त्यात कसलं प्रायश्चित्त?" मी पदर खोचला. "उतर. आता मी बसते, तू धर. आणि बोलत राहा, म्हणजे हात सुटला तर मला कळेल."

"थांबा," शिडीवरून आवाज आला, "आधी मला खाली येऊ द्या."