अंबूबाईंचा अंगठा आणि मी

मित्रांनो, साबणाच्या वडीएवढा माझा आकार. अंगावर काचेची छोटी खिडकी आणि मागे शेपटीसारखी वायर. अंगठा लावायची जुनी मशीन ती मीच. कंपनीनं मला लांबलचक नंबर दिला होता, पण गावातल्या बायका मला 'अंगठ्याची डबी' म्हणतात आणि मलाही तेच आवडतं. माझं काम साधं आहे. तुम्ही बोट ठेवायचं, मी खालून उजेड टाकून बोटावरच्या रेघा वाचायच्या. रेघा सरकारी नोंदीशी जुळल्या तर हिरवा दिवा, नाही जुळल्या तर लाल. या लाल दिव्यामुळे एकदा एका बाईंच्या जिवावर बेतलं होतं. ती हकीकत तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझं वरचं कवच कुपवाडच्या एका लहानशा कारखान्यात बसवलं गेलं. तिथं एक मुलगी दिवसभर स्वतःचं बोट ठेवून मशीन तपासायची. मी पहिल्याच झटक्यात हिरवी झाले, तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "ही लय चपळ हाय बघ." तेव्हापासून माझ्या डोक्यात जी हवा गेली, ती बरीच वर्षं निघाली नाही. पुढे वाईच्या एका रेशन दुकानात माझी उमेदीची वर्षं गेली. घाटावरून पूजा आटोपून येणारे गुरुजी, शाळेतले मास्तर, कापडदुकानातले कारकून, सगळ्यांची बोटं कशी मऊ आणि रेघा छापल्यासारख्या स्पष्ट. मला चुकायला निमित्तच मिळालं नाही, आणि आपण कधी चुकतच नाही असं मला खुशाल वाटू लागलं.

दुकानात नवी मशीन आली आणि मी शिवतेजच्या हाती गेले. शिवतेज म्हणजे मलकापूरजवळच्या एका गावात सेवा केंद्र चालवणारा तिशीचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. त्या गावात दर मंगळवारी ग्रामपंचायतीच्या खोलीत आरोग्य कार्डाचं शिबिर असायचं. हे कार्ड असलं की मोठ्या ऑपरेशनचा भार घरावर येत नाही, सरकार तो उचलतं. पण कार्ड मिळण्याआधी माणसाची ओळख पटायला हवी, आणि ती पटवणार कोण? तर मी! ओळीनं बसलेल्या बायका माझ्याकडे देवाकडे बघावं तशा बघायच्या. काहींना मी हिरवा दाखवायची, काहींना लाल. लाल दिसला की ती बाई पदर सावरून निमूट उठायची. ती पुढे कुठे गेली, याचा मी कधी विचार केला नाही. खरं सांगते, केला नाही.

मग माघातल्या एका मंगळवारी अंबूबाई आल्या. साठीच्या आसपासचं वय, अंगानं बारीक. पंचायतीच्या तीन पायऱ्या चढताना त्या दोनदा थांबल्या. त्यांच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. सांगलीच्या डॉक्टरांनी महिन्याच्या आत ऑपरेशन करायला सांगितलं होतं, आणि त्याच्या आधी कार्ड हवं होतं. हळदीचा हंगाम चालू होता. जमिनीतून काढलेल्या गड्ड्यांपासून हळकुंडं मोडून वेगळी करायची, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. आजारी असूनही बसल्या बसल्या त्या ते करतच होत्या. त्यामुळे अंगठा पिवळाजर्द होता.

मी उजेड टाकला. काही धड दिसेना. मी लाल झाले.

शिवतेजनं काच पुसली, अंगठा तीनदा ठेवून घेतला. तीनदा लाल. "काकी, मोबाइलवर नंबर येईल, त्यानं पण काम हुतंय. आधारला नंबर कुणाचा हाय?"

"मालकांचा," अंबूबाई म्हणाल्या. "त्यास्नी जाऊन तीन वरसं झाली. फोन बी तवाच बंद झाला."

शिवतेजनं वहीत त्यांचं नाव टिपून घेतलं. मग म्हणाला, "बरं. फुडच्या मंगळवारी या. फकस्त हात सोच्छ करून या."

एवढंच तो बोलला, आणि बोलला ते भल्यासाठीच. पण पुढच्या मंगळवारी अंबूबाईंचा अंगठा माझ्या काचेवर आला आणि मी चरकले. हळदीचा डाग कुठेच नव्हता. डागाबरोबर उरल्यासुरल्या रेघाही गेल्या होत्या. अंगठा काचेइतकाच गुळगुळीत झाला होता.

"आज तर लय घासून आलीया," त्या कौतुकानं सांगत होत्या. "सरकारी कामाला मळका अंगठा कसा द्याचा?"

मी पुन्हा लाल झाले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाई, डाग राहू दे गं, रेघा घालवू नकोस! पण आम्हा मशिनींना दोनच दिवे दिलेत. तिसरं काही बोलायची सोयच नाही.

"मशिनीला माझा हात पसंत न्हाई," अंबूबाई हसून म्हणाल्या. मग हसू ओसरलं. "जाऊ दे, लेकरा. माझं तरी आता काय ऱ्हायलंय? नगं ते आपरेशन." आणि त्या भिंतीला धरून उठू लागल्या.

कोपऱ्यात पूजाताई लहान बाळांची वजनं करत होती. ती गावची आशाताई, घरोघर फिरून आजाऱ्यांची विचारपूस करणारी. तिनं हातातलं काम सोडलं आणि येऊन अंबूबाईंचा हात स्वतःच्या हातात घेतला. अंगठ्याची कातडी लालसर झाली होती, एका जागी सोलली होती.

"काकी, हे कशानं घासलं?"

"वजरीनं. टाचा घासतो ती."

"किती येळा?"

"रोज. सकाळी राखंनं, संध्याकाळी वजरीनं. डाग लय चिवट हुता गं."

शिवतेजला आधी हसू फुटलं आणि दुसऱ्याच क्षणी त्याचा चेहरा पडला. "म्याच सांगितलं हुतं सोच्छ करून या म्हणून," तो हळूच म्हणाला.

"आता दोन आठवडं वजरी बंद," पूजाताईनं सांगून टाकलं. "राख बंद, भांडी बंद, हळद बंद. रोज झोपताना खोबरेल लावायचं. आन् दोनी हात दाखवा बघू."

"दोन आठवडं?" अंबूबाई घाबरल्या. "मोडणीला मग कोण जाईल? हंगाम हाय!"

ओळीत बसलेली रंगूबाई, त्यांची शेजारीण, तिथूनच म्हणाली, "मी जाते की तुझ्या जागंवर. सावड कशाला असती? तू बरी झालीस की माज्या शेतात तण काढाया, भांगलणीला ये." आपल्याकडे बायका एकमेकींच्या शेतात आळीपाळीनं राबतात, त्याला सावड म्हणतात. भांडी घासायला दुसरी एक शेजारीण तयार झाली. पाच मिनिटांत सगळं ठरलं, आणि मी मात्र लाल दिवा मिचकावत टेबलावर बसले होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

पूजाताईचे दोन आठवडे चालू होते, म्हणून पुढच्या मंगळवारी अंबूबाई आल्या नाहीत. त्यानंतरच्या मंगळवारी सांगलीला जायला चारच दिवस उरले होते. अंबूबाईंना आता पायऱ्या चढवेनात, म्हणून पूजाताई आणि रंगूबाईनं त्यांना खुर्चीसकट उचलून आणलं. ओठांवर निळसर झाक होती. उजवा अंगठा ठेवला. रेघा अंधुक उगवत होत्या, पण पुऱ्या नव्हत्या. लाल.

तेवढ्यात पूजाताई म्हणाली, "शिवतेजदादा, आधार काढताना धा बी बोटं घेत्यात न्हवं? मग आपण अंगठाच का धरून बसलोय?"

शिवतेजनं कपाळावर हात मारला. सगळे 'अंगठा लावा, अंगठा लावा' म्हणतात, म्हणून तोही अंगठ्यापलीकडे गेलाच नव्हता. त्यानं उजव्या हाताची बोटं एकेक लावून पाहिली. पाची लाल. मग तो म्हणाला, "काकी, डावा हात द्या."

अंबूबाईंनी डावा हात पदराखाली ओढला. "डावा? शुभ कामाला डावा हात देत्यात व्हय? नगं बाबा."

"काकी," पूजाताई त्यांच्यापुढे खाली बसली, "डाव्या हातानंच लेकराला कडंवर घेतलं न्हवं तुमी? त्यो कसा अशुभ?"

मग पदराखालून हात बाहेर आला. करंगळीशेजारचं बोट त्यांनी काचेवर ठेवलं. मित्रांनो, कष्टाच्या कामात या बोटाला फारसं कुणी विचारत नाही, म्हणून ते जपून राहिलं होतं. मी उजेड टाकला. एक रेघ दिसली. दुसरी दिसली. मी माझ्या आयुष्यात एवढं लक्ष देऊन काहीच वाचलं नव्हतं. आणि मी हिरवी झाले.

रंगूबाईनं माझ्यावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली. शिवतेज डोळे पुसत 'धूळ लय उडतीया' म्हणाला. अंबूबाई फक्त स्वतःच्या डाव्या हाताकडे नवलानं बघत होत्या.

ऑपरेशन झालं. चैत्रात अंबूबाई स्वतःच्या पायांनी पंचायतीच्या पायऱ्या चढल्या. त्यानंतर त्या दर मंगळवारी दाराशी बसू लागल्या. येणाऱ्या प्रत्येकीचा हात धरून विचारायच्या, "दाव बघू. वजरी लावलीस काय गं?" लाल दिवा बघून उठणाऱ्या बाईला त्या पुन्हा खाली बसवायच्या, "बस. अजून नऊ बोटं हायत." त्या वर्षी मी जेवढी हिरवी झाले, तेवढी वाईतही झाले नव्हते.

आता शिवतेजकडे चेहरा ओळखणारा मोबाइल आला आहे. मी टेबलाच्या खणात, गंजलेल्या टाचण्यांच्या शेजारी पडून असते. कधी कुणी खण उघडला तर काचेवरची धूळ पुसतो, कधी नाही. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते अंबूबाईंच्या आधी येऊन गेलेल्या बायकांचं.

म्हणून मित्रांनो, माझं एक ऐका. आज घरी गेलात की आजीला विचारा, आरोग्य कार्ड काढलंय का? शेजारच्या मावशींनाही विचारा. 'गेले होते रे, पण माझं बोट लागलं नाही,' असं कुणी म्हणालं, तर त्यांचा हात धरून त्यांच्याबरोबर पुन्हा जा. एकट्या त्या पुन्हा जायच्या नाहीत. हे मी ठामपणे सांगते, कारण अंबूबाईंच्या आधीच्या त्या बायकांना पाठमोऱ्या जाताना मी पाहिलं आहे, आणि त्यांतली एकही परत आली नाही.