फौजदार रुळांवर असताना

मी एक व्हिडिओ कॅसेट बोलतेय. रंग काळा, स्वभाव अडकण्याचा. माझ्या पोटात एका जुन्या काउबॉय मालिकेचा एकच भाग आहे, तोही अर्धवट. त्याचा शेवट मीच खाल्ला असं म्हणतात. खरं तर मला विचारून कुणीच काही भरलं नव्हतं.

पस्तीसेक वर्षांपूर्वी आखातात कामाला आलेल्या याकूब नावाच्या सुताराने देऱ्याच्या बाजारात जुना व्हीसीआर घेतला, त्यासोबत मी फुकट आले. त्याच्या खोलीत आठ जण राहत. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, म्हणून गुहागरकडचा गवंडी भिवा सगळ्यांना अर्थ सांगे. येत त्यालाही नव्हतं.

गोष्ट अशी. बँक लुटली जाते. फौजदार (शेरीफला हे नाव भिवाने दिलं) विधवेचा झगा घालून चोरांच्या अड्ड्यावर जातो. मिशी काढत नाही. तरी कुणाला संशय येत नाही; उलट चोरांचा म्होरक्या त्याला लग्नाची मागणी घालतो. घोडा मात्र धन्याला ओळखून खिंकाळतो आणि बिंग फुटतं. मग फौजदाराला झग्यासकट रुळांना बांधतात. आगगाडी शिट्टी देते. घोडा दोर चावू लागतो.

तेवढ्यात खाली बसचा हॉर्न वाजला. शुक्रवारची सुट्टी असूनही स्लॅबचं काम निघालं होतं. "यल्ला, यल्ला," म्हणत सगळे उठले. भिवाने घाईघाईने मला काढलं आणि समोरच्या डबीत कोंबलं.

ती डबी दुसऱ्या कॅसेटची होती. भिवाची बायको तानुबाई नुकतीच बाळंत झाली होती. रजा मिळेना, म्हणून बारशाच्या शूटिंगसाठी भिवाने कोरी कॅसेट आणली होती. गावी निघालेल्या माणसाबरोबर तिच्याऐवजी मी गेले. मी जिथे थांबले होते तिथूनच व्हिडिओवाल्याने माझ्यावर पुढे बारसं भरलं.

दोन महिन्यांनी परतले, तेव्हा अख्खी खोली पुढ्यात बसली. आगगाडीची शिट्टी, घोड्याचे दात आणि लगेच पाळणा. व्हिडिओवाला म्हणतो, "वहिनी, बोला काहीतरी." तानुबाई पदर सावरते, बराच वेळ जमिनीकडे बघते आणि विचारते, "जेवलात का?"

"जेवलो," भिवा म्हणाला.

कुणी हसलं नाही. याकूब म्हणाला, "मतलब फौजदार बच गया. बेटी भी हुई."

त्यानंतर दर शुक्रवारी मला लावत. बाळ बघायला म्हणून गोष्ट कुणी पुढे पळवली नाही. तानुबाई विचारायची, भिवा उत्तर द्यायचा. मला हे फार आवडायचं.

तानुबाई गेल्या वर्षी गेली. फोटो पुष्कळ आहेत, आवाज मात्र फक्त माझ्याकडे. म्हणून भिवाने मला पिशवीत घालून गावाहून परत आखातात, अल रीमला आणलं. त्याची मुलगी संपदा तिथे राहते. तिने आम्हाला देऱ्यात, जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देणाऱ्या तहसीनच्या दुकानात नेलं. आठ वर्षांचा नातू वेदांगही वाटभर आबाकडून फौजदाराची गोष्ट ऐकत आला.

तहसीनने झाकण उघडून मान हलवली. "फंगस है, दीदी. शायद एक बार चलेगी. सीधा बच्चीवाला पार्ट निकालूँ?"

"हो. बाबा, तेवढंच घेऊ या. रिस्क नको."

"आगगाडीपासून लाव," भिवा म्हणाला. "ती आगगाडीनंतर येते."

"बाबा, टेप तुटली तर आईचा आवाज गेला ना!"

"आगगाडीपासून."

मी घाबरले. आयुष्यात जिथे जिथे अडकू नये तिथे मी अडकले आहे. शिट्टी वाजली, पण चिरकी. घोड्याचे दात दिसले. मग चित्र पांढरं झालं. संपदाने वेदांगचा हात घट्ट धरला. पांढऱ्या पडद्यातून आवाज आला, "जेवलात का?"

"जेवलो," भिवा म्हणाला. सकाळपासून त्याने चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. संपदा रडू लागली.

"आ गया, सेव्ह हो गया," तहसीन म्हणाला. त्याच क्षणी मी तुटले.

"आबा, बट डिड द शेरीफ डाय?" वेदांगने विचारलं.

"छे! सुटला की. ही बघ त्याची मुलगी," म्हणत भिवाने संपदाकडे बोट दाखवलं.

आता मी संपदाच्या घरी, एकतिसाव्या मजल्यावर टीव्हीखालच्या खणात असते. काम खलास. वेदांग मात्र तो भाग नेटवर शोधतोय. शोध बाळा, सापडला तर पोटभर हस. फक्त फौजदार गाडीखाली गेला असेल, तर आबाला सांगू नकोस.