भुते घडवणारा इनक्युबेटर

मित्रांनो, उदगीरच्या या प्रयोगशाळेत मागच्या व्हरांड्यात चादर टाकून ठेवलेला जुना इनक्युबेटर आहे ना, तो मी. काचेच्या बाटल्या पोटात घेऊन त्यांना ऊब देणे आणि हलवत राहणे, हे माझे काम होते.

मला इथे आणले तेव्हा डॉ. प्रियदर्शनी नव्यानेच रुजू झाल्या होत्या. थंडीत त्या माझ्या अंगाला टेकून डबा खायच्या. त्या डुकरांच्या एका तापावर लस शोधत होत्या. त्या तापाने पिल्ले हगवण लागून मरत आणि तो माणसांनाही लागे. जंतू माझ्या पोटात वाढत. मग ऊब चढवली की, डॉक्टरांनी त्यांच्यात आधीच केलेल्या बदलामुळे, त्यांच्या अंगाला भोक पडे, आतले सारे वाहून जाई आणि नुसते टरफल उरे. डॉक्टर त्याला ‘भूत’ म्हणत. भूत आजार देत नाही. पण त्याला पाहून शरीर खऱ्या जंतूला ओळखायला शिकते.

एके दिवशी जळकोटहून डुकरे पाळणाऱ्या रुक्मिणबाई आल्या.

“डाक्टरीणबाई, माझे पिल्लं मरून राहिले. लस हाय म्हणं तुमच्यापाशी. द्या की!”

लस होती. पण त्याच सकाळी तपासणीच्या ताटलीवर एक ठिपका उगवला होता. म्हणजे त्या लसीत काही जंतू जिवंत राहिले होते.

“मावशी, ही नाही देता येणार. हा ठिपका बघा, हिच्यात जिवंत जंतू आहेत. हिच्यानंच आजार होईल.”

“एवढुशा ठिपक्यापायी? तुमचं काय मरून राहिलं म्हणा!”

रुक्मिणबाई गेल्यावर डॉक्टरांनी ती सगळी लस नष्ट केली. पिल्ले मेली. डॉक्टर जळकोटला जाऊन रुक्मिणबाईंना भेटून आल्या आणि सहकाऱ्याला म्हणाल्या, “मावशींनी पाणीसुद्धा विचारलं नाही.” मग त्यांनी माझ्यात नवी बाटली ठेवली.

पुढच्या वर्षी ताटल्या स्वच्छ निघू लागल्या. चाचणीची परवानगी मिळाली, पण आपली डुकरे द्यायला कुणी तयार होईना. तेव्हा रुक्मिणबाई स्वतःहून आल्या.

“पयले माझ्या पिल्लांला टोचा. मी लई रडले, तरी ह्या बाईनं वाईट माल दिला न्हाई. आता देती म्हणजे चांगलाच असंल.”

त्या वर्षी त्यांची पिल्ले जगली. ती बातमी आली त्या दुपारी प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले आणि एक माझ्या माथ्यावरही ठेवला गेला. किती गोड दिवस होते ते!

आता माझे दार नीट बसत नाही. प्रयोगशाळेत माझ्या जागी नवे यंत्र आले आहे. मित्रांनो, माझी धूळ कधीतरी पुसा, एवढे पुरे. पण आत काम करणाऱ्यांना घाई करू नका. “अजून नाही” म्हणायला त्यांना फार बळ लागते.