मल्लाचा अंबाडा

रघुवीररावांनी कात्री टॉवेलला पुसली आणि उगाच पुन्हा पुसली. लंडनमधल्या पिनरच्या घराच्या काचेच्या कन्झर्व्हेटरीत वैजयंतीबाई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, पाठीवर पांढरी वेणी. बुधवारी केमो सुरू व्हायची होती. केस गळण्याआधी आपणच काढू, ही कल्पना त्यांचीच. तेही जपानी सुमो पैलवानांच्या रीतीनं: प्रत्येकानं थोडे थोडे केस कापायचे, शेवटची कात्री वस्तादाची. वस्ताद म्हणून त्यांनी नवऱ्याला नेमलं होतं. दुसरा उमेदवार नव्हता.

पस्तीसेक वर्षांपूर्वी टीव्हीवर सुमो लागे, तेव्हा लोकांना क्रिकेट बघतोय असं सांगून दोघं ते बघत. रघुवीररावांचा पैलवान अवाढव्य कोनिशिकी, कारण त्याच्याकडे बघून त्यांना आपण सडपातळ आहोत असं वाटे. बाईंचा चियोनोफुजी. त्याचा खांदा सारखा निखळायचा. त्यानं त्या खांद्याभोवती स्नायूंची भिंत बांधली आणि आपल्या दीडपट देहांना रिंगणाबाहेर नेऊन ठेवलं.

"तसं बायकांना त्या रिंगणात पाऊल टाकायला बंदी आहे," रघुवीरराव म्हणाले.

"म्हणून तर इथे बसलेय."

लेकीनं, पूर्वीनं, पहिली बट कापली.

"आई, तुझा केस अजून इतका सॉफ्ट आहे." तिनं ती बट टिश्यूत गुंडाळली. "वेन्सडेला मी ऑफ घेतलंय हां. नऊला निघू."

"चहा ठेव गं," वैजयंतीबाई म्हणाल्या.

पूर्वी आत गेली. रघुवीररावांनी वेणी हातात घेतली आणि ते थांबले. चुकीची रीत त्यांना सहन होत नसे.

"वैजू, आपण हे उलटं करतोय. कुस्तीच्या आधी कुणी अंबाडा कापत नाही. पैलवान निवृत्त झाला की कापतात."

"माहितीये मला."

आत किटलीचा आवाज वाढत गेला.

"शुक्रवारी मी हॉस्पिटलला फोन केला," बाई म्हणाल्या. "केमो नको म्हणून सांगितलं."

"पूर्वीला सांगितलंस?"

"तिला चहा तर घेऊ दे आधी." मग मान हलवत, "अहो, मान अवघडली माझी. कापा."

रघुवीररावांनी वेणीतून दोन केस वेगळे काढले आणि कापले. मग आणखी दोन.

"बाबा, झालं का?" आतून पूर्वीनं विचारलं.

"वेळ लागेल," ते म्हणाले.